थायरॉइड, वारसा आणि सुईदोऱ्याचा डबा

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरातल्या एका आजारामुळे या विषयाचं वाचन सुरू झालं आणि ते वाढत गेलं. आज घरचं बोलणार आहे, म्हणून बहिणीची परवानगी घेऊन आलोय. ती म्हणाली, "सांग. पण माझं रडगाणं करू नकोस."

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, सतत दमलेली असायची. केस गळायचे. भर उन्हाळ्यात पंखा बंद करायची. घरात सगळ्यांचं एकच मत, पोरगी आळशी झालीय. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. घरी आल्यावर खालाचं पहिलं वाक्य होतं, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून. बाहेर कुणापुढे बोलू नका."

कुणी बोललं नाही. मीही नाही.

लग्न झालं. सासरी तिने गोळ्या सुईदोऱ्याच्या डब्यात लपवल्या. ही गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा-एक तास चहासुद्धा चालत नाही. नव्या सुनेला हे कसं जमणार? उठल्याबरोबर सगळ्यांसोबत चहा. मग गोळी कधी दुपारी, कधी राहूनच जायची. दिवस गेले तेव्हाही ती गप्प राहिली. तिसऱ्या महिन्यात तपासणी झाली, टीएसएच ३८! एरवी ते साधारण ४ च्या आत असतं.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेसं काम करत नाही. मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक आईकडूनच येतं. म्हणून गोळी चालू असलेल्या बाईचा डोस गर्भारपणात बहुतेक वेळा पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. आपाच्या तर पहिलाच डोस नीट पोटात जात नव्हता. डॉक्टरांनी डोस वाढवला आणि दूल्हाभाईंना समोर बसवून सगळं समजावलं. ते एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर मीच उठवून गोळी दिली असती." भाची आज ठणठणीत आहे. पण त्यात आमच्या शहाणपणाचा काही वाटा नाही.

आता शरीरात हे काम कसं चालतं ते पाहू. गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो. पाणी गार झालं की तो चालू होतो, तापलं की बंद. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तसंच काम करते. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक, म्हणजे टी४ आणि टी३, कमी झालं की ती टीएसएच जास्त सोडते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला दिलेली हाक. ग्रंथी ऐकेनाशी झाली की हाक मोठी होत जाते. टी४ थोडंसं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतं, म्हणून आधी तेच तपासतात.

हा थर्मोस्टॅट प्रत्येकाचा वेगळ्या अंकावर लावलेला असतो. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की एकेका माणसाचे आकडे अगदी अरुंद पट्ट्यात फिरतात. लॅबच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून छापलेला पट्टा त्याच्या साधारण दुप्पट रुंद असतो. हा अंक बऱ्याच अंशी वारशाने येतो. जुळ्यांवरच्या डॅनिश अभ्यासानुसार टीएसएचमधल्या माणसामाणसांतल्या फरकाचा जवळपास दोन तृतीयांश भाग आनुवंशिक आहे. त्यामागे एक जनुक नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा वाटा छोटा. त्यांतलं पीडीई८बी नावाचं जनुक २००८ साली सार्डिनिया बेटावरच्या लोकांच्या अभ्यासातून पुढे आलं.

आजाराचं काय? १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी चार रुग्णांच्या ग्रंथींचं वर्णन केलं. चारही बायका होत्या. आपाला झालेला आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात शरीराचं संरक्षक दल आपल्याच थायरॉइडला शत्रू समजतं. एचएलए, सीटीएलए-४, पीटीपीएन-२२ ही जनुकं त्या दलाला आवरणारी किंवा ओळख शिकवणारी आहेत. त्यांच्या काही आवृत्त्यांमुळे धोका वाढतो. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो.

मग सगळं रक्तातच लिहिलेलं आहे का? नाही. ग्रेव्ह्ज हा याच घराण्यातला आजार, त्यात ग्रंथी उलट जास्त काम करते. डेन्मार्कमध्ये एकसारख्या जुळ्यांत एकाला ग्रेव्ह्ज असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्के निघालं. वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत फक्त ३ टक्के. म्हणजे वारसा मोठा आहे, यात शंका नाही. पण जनुकं तंतोतंत तीच असूनही आजार झालेल्या शंभरातल्या साधारण ६५ जणांचं जुळं भावंडं त्या आजारातून सुटलेलं होतं.

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात घराघरांत गलगंड होता. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही भागांत आयोडीनयुक्त मीठ द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत त्या भागांतला गलगंड झपाट्याने कमी झाला. माणसं तीच, जनुकं तीच. मीठ बदललं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "आपल्यात नात्यात लग्नं होतात, त्यामुळे हे होतं का?" उत्तराचे दोन भाग आहेत. हाशिमोतोसारखा आजार एका जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रतींमुळे होत नाही, म्हणून त्याचं खापर नात्यातल्या लग्नावर फोडता येत नाही. पण काही बाळांना जन्मतःच थायरॉइड कमी असतं. त्यांतल्या बहुतेकांची ग्रंथीच नीट घडलेली नसते आणि ते सहसा वारशाने येत नाही. थोड्या बाळांत मात्र ग्रंथी असते, पण संप्रेरक बनवणारं एखादं जनुक आईकडूनही बिघडलेलं आलेलं असतं आणि वडिलांकडूनही. सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांच्या लग्नात अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. गंभीर जन्मजात दोषांचा एकूण धोका अशा लग्नांत जवळपास दुप्पट होतो. तरीही त्यांची शंभरातली नव्वदहून जास्त मुलं निरोगीच असतात. आणि मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींतही आहे. जनुक धर्म विचारत नाही. म्हणून चिडायचंही नाही आणि झाकायचंही नाही. घरात असं मूल असेल तर लग्नाआधी जनुकीय सल्लागाराला भेटायचं.

असं बाळ जन्मतः बहुधा अगदी नॉर्मल दिसतं. टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन चाचणी करतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं. उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. ही चाचणी सगळीकडे आपोआप होत नाही. विचारा, मागून घ्या.

शेवटी माझं. ३४ व्या वर्षी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझंही टीएसएच वाढलेलं निघालं. अँटिबॉडीजही होत्या. तोच आजार, तेच घराणं. मी गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात वॉटर फिल्टरशेजारी ठेवली. सकाळी अम्मी विचारते, "गोळी घेतलीस का?" मग माझा चहा अर्ध्या तासाने होतो. रमजानमध्ये वेळ कशी बदलायची ते मी डॉक्टरांना उघडपणे विचारलं. खाला चिंतेने फोन करते. मला कुणीही लपवायला सांगितलं नाही. त्या दिवशी मला आपाचा डबा आठवला आणि स्वतःची लाज वाटली. आजार आम्हा दोघांना सारखाच मिळाला होता. लपवायला मात्र तिला एकटीलाच लागलं, आणि शिकलेला भाऊ असून मी गप्प बसलो होतो.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या आहेत. घरी जाऊन एका कागदावर आजी-आजोबांपासून कुणाकुणाला थायरॉइड आहे ते लिहा. "कुणामुळे आलं" हे ठरवायला नाही, "आता कुणाची तपासणी करायची" हे कळायला. बाळाचा विचार करणाऱ्या बहिणी आणि वहिनी त्यात सगळ्यात आधी. आणि स्थळ बघताना मुलगी रोज गोळी घेते असं कळलं, तर तिला चहा अर्ध्या तासाने द्या. एवढंच करायचं असतं.

आता प्रश्न विचारा. माझ्या आवाक्यातला असेल तर उत्तर देईन, नाहीतर सरळ डॉक्टरांकडे पाठवीन.