वत्सगुल्मनगरीत आपले स्वागत!

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय पाळकसाहेब आणि गावोगावहून आलेल्या ख्रिस्ती लेखक बंधुभगिनींनो,



वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य काळाने गिळले. साहित्यशास्त्रकारांनी उतरवून ठेवलेल्या थोड्या ओळी तेवढ्या उरल्या. याच घराण्यातील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरवले. जिल्हा मात्र आम्ही 1 जुलै 1998 रोजी झालो. बालाजी मंदिर, पद्मतीर्थ, कारंजा, शिरपूर, पोहरादेवी हे सारे पाहायला आपल्याला चार दिवस अपुरे पडतील.

पण मला विचाराल, तर गावाचे खरे भूषण म्हणजे आमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. नाझरीन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली भारतात आल्या आणि 1938 साली त्यांनी शाळेच्या एका जुन्या इमारतीत हा दवाखाना सुरू केला. जवळपास चाळीस वर्षे त्यांनी या भागात सेवा केली. आज त्यांचे नाव किती वाशीमकरांना ठाऊक आहे?

आपला विषय आहे ‘अचूकपणाचा हट्ट आणि लेखनातील चालढकल’. यात दवाखाना कुठून आला, असे पाळकसाहेबांचे डोळे विचारत आहेत! अहो, डॉक्टरबाई मनाजोगत्या इमारतीची वाट बघत बसल्या असत्या, तर रोग्यांनी काय करायचे होते? आपण मात्र पहिलाच परिच्छेद दहादा खोडतो. प्रभूच्या कामात उणे नको, ही भावना चांगलीच. पण तिच्या आडून वही कपाटात ठेवणे बरे नाही. कवी रेव्हरंड टिळक 1919 साली गेले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुरुवातीचे अध्यायच झाले होते. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे नेले. पंडिता रमाबाई तर बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. चोखंदळपणात त्यांचा हात कोण धरणार? तरी काम थांबू दिले नाही. वर्षानुवर्षे खपून 1922 साली, मृत्यूपूर्वी, त्यांनी ते हातावेगळे केले.

आता थोडे आमच्या उणिवांविषयी. निवासाच्या खोल्या कमी पडल्या, काहींना सभागृहात गाद्यांवर झोपावे लागेल. कूलर दोनच आहेत. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला पाच मिनिटे धरा. जेवण वऱ्हाडी आहे, तेव्हा ठेचा जरा जपून! मंडप, तांदूळ, डाळ आणि पाण्याचे जार देणारे व्यापारी, वर्गणी गोळा करणारा तरुण संघ, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या भगिनी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे दाते यांचे ऋण मोठे आहे. काही राहून गेले असल्यास पदरात घ्यावे.

एवढेच मागणे: घरी अर्धवट पडलेला एक लेख या महिनाअखेर पूर्ण करा आणि ‘ज्ञानोदय’ला किंवा ‘निरोप्या’ला पाठवून द्या. सुधारायला संपादक बसलेलेच आहेत.