विरजण आधी काढून ठेवा

जुनं ई-रीडर बदलून नवं साधं मॉडेल घ्यावं का, यावर मला बोलायचं आहे. घ्या की! किंडलचंच पाहा. २०१९ पर्यंतच्या साध्या किंडलमध्ये इंचाला १६७ ठिपके असत. २०२२ च्या मॉडेलपासून ३०० झाले. इंग्रजीत हा फरक एक वेळ जाणवणार नाही. आपल्या देवनागरीत मात्र रफार, अनुस्वार, जोडाक्षरं बारीक टाइपातही स्वच्छ उमटतात. आतून दिवा आहे, जागा १६ जीबी आहे. पिवळसर उजेड नाही, पाण्यापासून संरक्षण नाही. पण अंथरुणात पडून वाचणाऱ्याला ते हवंय कशाला? साधं पुरतं.

माझं म्हणणं पुढेच आहे. आपण दह्याचं भांडं घासायला टाकण्याआधी चमचाभर विरजण बाजूला काढतो ना? दूध नवं, भांडं नवं, विरजण मात्र जुनंच लागतं. तुमच्या जुन्या यंत्रातलं विरजण म्हणजे तुम्ही केलेल्या खुणा आणि टिपणं. किंडलच्या दुकानातून विकत घेतलेल्या पुस्तकांवरच्या खुणा सहसा खात्यावर जातात, त्या नव्या यंत्रात उतरतील. पण केबल लावून स्वतः घातलेल्या पुस्तकांवरच्या खुणा त्या यंत्रातच राहतात. यंत्र कोरं केलंत की गेल्या. मग आख्ख्या गल्लीत वाटी घेऊन फिरलात तरी तुमच्या घरचं विरजण कोण देणार?

तेव्हा जुनं किंडल संगणकाला जोडा. ‘डॉक्युमेंट्स’ नावाचा फोल्डर उघडा. त्यात ‘माय क्लिपिंग्ज’ ही साधी मजकुराची फाइल असते. तिची प्रत काढून घ्या. एवढंच काम! केबल मात्र जुनीच लागेल, कारण नव्या मॉडेलला टाइप-सी लागते, जुन्याला मायक्रो-यूएसबी. आणि नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, माहिती नेणारी हवी. पुष्कळ जण इथेच कंटाळतात आणि ‘बघू नंतर’ म्हणतात. अहो, बॅटरी एकदा पुरती मेली की नंतर काय बघणार?

पुन्हा सांगतो, कारण एवढ्यात कुणी चहा ठेवायला उठलं असेल: आधी खुणांची प्रत, मग खात्यावरून जुन्या यंत्राची नोंदणी रद्द, मग यंत्र कोरं करायचं आणि सगळ्यात शेवटी ते भाचीला द्यायचं. क्रम उलटा नको. नोंदणी तशीच ठेवून दिलंत, तर ती तुमच्या खात्यावर पुस्तकं मागवू शकेल. आता भाची गुणी असेलही, पण...

रंगीत पडद्यांबद्दल, मोठ्या पानांच्या पीडीएफ सहा इंचांत का मावत नाहीत त्याबद्दल बोलायचं होतं. समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. ते पुन्हा केव्हातरी. नवं यंत्र जरूर घ्या. पण ऑर्डर देण्याआधी, आज रात्रीच, ती फाइल संगणकावर उतरवून घ्या.