दूरध्वनीवरील नाताळबाबा

१९९६ साली ज्या मद्रासचे अधिकृत नाव चेन्नई झाले, त्या शहरात नाताळबाबा हा पायी येणारा पाहुणा आहे. डिसेंबर महिन्यात तेथील चर्चच्या गायकमंडळ्या रात्री घरोघर जाऊन नाताळची गीते गातात. त्यांच्याबरोबर तांबडा डगला आणि मुखवटा चढवलेला एक इसम असतो. तमिळमध्ये त्याला ‘क्रिसमस ताता’ म्हणतात; ताता म्हणजे आजोबा. तो ठेक्यावर नाचतो, मुलांच्या हातावर मिठाई ठेवतो आणि मंडळी पुढच्या दाराकडे वळतात. मुखवट्याआड ओळखीचाच कोणी तरुण आहे हे थोरल्या मुलांना ठाऊक असते. तरी वाट तीही पाहतात.

परंतु जे मूल रुग्णालयात खाटेवर आहे किंवा घरापासून दूर वसतिगृहात आहे, त्याच्यापर्यंत ही मंडळी कशी पोचणार? याचे एक उत्तर दूरदेशी, तेही योगायोगाने सापडले. १९५५ च्या नाताळापूर्वी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सिअर्स या दुकानाने, मुलांना सांताक्लॉजशी बोलता यावे म्हणून, जाहिरातीत दूरध्वनी क्रमांक दिला होता. चूक छपाईची की क्रमांक फिरवणाऱ्या बोटाची, याविषयी दोन कथा आहेत. पण एका मुलाचा फोन गेला तो हवाई संरक्षण दलाच्या ठाण्यात. तेथील कर्नल हॅरी शूप यांनी त्या मुलाची निराशा केली नाही. सांताच्या प्रवासाची वार्ता देण्याची प्रथा त्यातून पडली. १९५८ साली स्थापन झालेल्या ‘नोरॅड’ या अमेरिका व कॅनडा यांच्या संयुक्त संघटनेने ती पुढे चालवली. आज नाताळच्या आदल्या दिवशी हजाराहून अधिक स्वयंसेवक पाळीपाळीने बसून लाखाहून अधिक फोन घेतात.

हे स्वयंसेवक स्वतः सांताक्लॉज होत नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो या घटकेस कोठे आहे एवढे ते सांगतात, आणि मुले झोपल्यावाचून तो येत नाही याची आठवण देतात. त्यांनी आपल्याकडे निरोप्याचे काम घेतले आहे, दात्याचे नव्हे. या मर्यादेत शहाणपण आहे. कारण मूल नेहमी खेळणेच मागेल असे नाही. ते आखातात नोकरीस गेलेले वडील मागेल, आजारी आईला बरे करण्यास सांगेल. सोंगाच्या भरात ‘देईन’ म्हणणे सोपे असते. ते वचन मोडले, तर मुलाचा थोरांच्या शब्दावरचा विश्वासही ढळतो.

चेन्नईला हा संयम अपरिचित नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली तेथे ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. जगणे नकोसे झालेल्या माणसाचे बोलणे तिचे स्वयंसेवक दूरध्वनीवर ऐकून घेतात. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने आरंभिलेल्या कार्याच्या कुळातलेच हे काम आहे. परीक्षांच्या निकालाच्या दिवसांत धास्तावलेले विद्यार्थीही तिच्याकडे वळतात. तेथे चमत्काराची हमी कोणी देत नाही. ऐकणाऱ्याने उपदेश आवरावा आणि ऐकलेले आपल्यापाशी ठेवावे, ही त्या कामाची शिस्त.

नाताळचा फोन आनंदाचा आणि ‘स्नेहा’कडे येणारा फोन दुःखाचा, तरी दोहोंना लागणारा कान एकच. म्हणून मुलांना असा फोन करू इच्छिणाऱ्याने आईवडिलांची संमती घ्यावी, मुलाचे नाव व आवडीनिवडी आधी जाणून घ्याव्यात, आणि आपल्या हाती नाही ते कबूल करू नये. मूल गप्प झाले तर थांबावे. त्याने एखादे भय सांगितले, तर मात्र खेळ बाजूला ठेवून जबाबदार माणसाला किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाला कळवावे. सोंग संपल्यावरही मुलाला त्याची लाज वाटू नये, इतका खरेपणा त्यात असला पाहिजे.