रोजचे दिवस



बेंगळुरूच्या शिवाजीनगरात राहणारा एक आजोबा आज तुमच्याशी बोलतोय. मूळचा मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा, आणि धंदा गलाईचा. आमच्या भागातल्या माणसाला याच्या पुढं काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. खानापूर, आटपाडी, शेजारचे माण आणि खटाव हे दुष्काळी तालुके. शेती पावसाच्या भरवशावर, आणि पावसाचा भरवसा कुणालाच नाही. म्हणून आमची माणसं सोनं-चांदी गाळायचं काम शिकली आणि देशभर पांगली. परमुलखातल्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टीशी बसलेला माणूस पुष्कळदा आमच्या तालुक्यातल्या विट्याकडचा निघतो.

मी इथं आलो तो १९७२ च्या दुष्काळानंतर, मामाचं बोट धरून. मिसरूडही फुटलं नव्हतं. मिरजेपासून पुढं तेव्हा मीटर गेजची गाडी होती. शिवाजीनगरात ज्वेलर्स स्ट्रीट म्हणून रस्ता आहे, कमर्शियल स्ट्रीटच्या अंगाला. त्याच्या मागं मामाचं दुकान. खाली भट्टी, वर माळ्यावर झोपायचं. कारागिरांनी आणलेलं जुनं, डाग असलेलं सोनं मुशीत टाकणखार घालून वितळवायचं, त्यात चांदी मिसळायची, मग तेजाबात उकळायचं. चांदी-तांबं तेजाबात विरघळतं आणि तळाशी सोनं राहतं. ते सोन्यासारखं दिसत नाही, तपकिरी भुकटी असते. धुऊन, परत वितळवून लगड पाडली की मग ते झळकतं. तेजाब उकळताना लालसर धूर निघतो. तो धूर लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

लग्न झालं, दोन मुलगे झाले. बायको-मुलं गावाकडं, म्हाताऱ्या आई-वडलांजवळ. मी इथं. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांचा संसार असाच चालायचा. दर महिन्याला मनीऑर्डर, दसरा-दिवाळीला आणि गावच्या यात्रेला फेरी. गावी गेलो की पोरांना नवे कपडे, खाऊ, सगळीकडं आनंदीआनंद. मी पोरांचे सण पाहिले. त्यांचे साधे दिवस पाहिले नाहीत. माझा मोठा मुलगा झोपेतून उठला की रडतो का हसतो, हे मला माहीत नव्हतं. भाकरी दुधात कुस्करून खातो की कोरड्यासाबरोबर, हे त्याच्या आईला ठाऊक. पोटासाठी जे करावं लागतं ते केलं, त्याबद्दल कुणाकडं तक्रार नाही. पण जे हुकलं ते हुकलं.

या शहरात राहून शहाजीराजांचा विचार मनात येतोच. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या स्वारीत आदिलशाहीनं बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. राजे इकडं, जिजाऊ आणि बाल शिवाजी पुण्याकडं. मधली एक-दोन वर्षं मायलेकरं इथं येऊन राहिली आणि १६४२ च्या सुमाराला परत गेली. राजे कर्नाटकातच राहिले. १६६४ साली होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले, त्यांची समाधी तिथंच आहे. मुलगा एवढा मोठा झाला, त्याच्या वाढीचे दिवस बापाला फार थोडे मिळाले. आणि तिकडं जिजाऊंना नातू मिळाला. शंभूराजे १६५७ साली पुरंदरावर जन्मले. ते दोन वर्षांचे असताना त्यांच्या आई सईबाई गेल्या, आणि त्यांना वाढवलं ते आजीनं. जिजाऊंनी स्वराज्यासाठी काय केलं ते आपण सगळे वाचतो. आईविना नातवाला त्यांनी कसं निजवलं, तापात उशाशी कशा बसल्या असतील, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. तेही मोठंच काम आहे.

आता माझ्या नातीकडं येतो. ती तीन वर्षांची आहे.

वडील गेल्यावर आई आणि बायको दोघी इथं आल्या, तोवर मुलगे मोठे झाले होते. मोठ्यानं बँकेत नोकरी धरली, लग्न झालं, सूनबाई एका कंपनीत नोकरीला. २०१७ च्या कायद्याप्रमाणं बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा तिला मिळाली. रजा संपली तेव्हा नात सहा महिन्यांचीही नव्हती. सूनबाई कामावर जाणार, मुलगा कामावर जाणार. मग त्या वेळीच मी ठरवलं. दुकान पुतण्याच्या हाती दिलं. तसंही आमचं काम बदललं होतं. २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, सोन्याची शुद्धता आता यंत्र सांगतं, आणि ते यंत्र पुतण्याला चांगलं चालवता येतं. मी घरी बसलो. बसलो म्हणजे काय, उभाच राहिलो, कारण लहान मूल असलेल्या घरात बसायला कुठं मिळतं!

नात जन्मली त्या पहिल्या महिन्यातली एक गोष्ट सांगतो. विहीणबाई लेकीच्या बाळंतपणासाठी गावाहून आल्या होत्या. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा, सगळा सरंजाम घेऊन. आमच्या घरातल्या जुन्या सहाणेवर माझ्या पत्नीनं बाळगुटी उगाळायची तयारी केली. मुरुडशेंग, हळकुंड, बाळहिरडा, जायफळ, वेखंड, खारीक, बदाम. प्रत्येकाचे किती वेढे द्यायचे ते तिला पाठ. दोन्ही मुलगे तिनं गुटीवर वाढवलेले. सूनबाई हळूच म्हणाली, “आई, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. वरचं पाणीसुद्धा नाही.” घरात क्षणभर कुणी बोललं नाही. मग माझ्या पत्नीनं सहाण उचलली, पुसली आणि फळीवर ठेवली. म्हणाली, “तुझं लेकरू, तुझ्या डॉक्टरांचं ऐक.” मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला. जिच्या हातानं दोन पोरं धडधाकट वाढली, तिनं नवं ज्ञान असं मोकळ्या मनानं घेतलं. त्या सहाणेवर आता रोज देवासाठी गंध उगाळतात, आणि त्यातलं एक बोट नातीच्या कपाळावर जातं.

धुरीची गोष्ट मात्र माझ्यावर आली. अंघोळीनंतर बाळाला शेगडीवर ओवा-बाळंतशोपाची धुरी द्यायची आपली पद्धत. विहीणबाईंचा आग्रह होता. मी मध्ये पडलो. एरवी बायकांच्या या कारभारात मी बोलत नाही. पण जन्मभर मी तेजाबाचा धूर घेतलाय. धूर छातीत कसा बसतो, रात्री खोकला कसा उठतो, ते मला ठाऊक. तेवढ्याशा जिवाच्या नाकाशी कुठलाच धूर नको, असं मी हात जोडून सांगितलं. विहीणबाई समजूतदार, त्यांनी ऐकलं. तेलाचं मालीश मात्र चुकलं नाही. पायांवर आडवं घेऊन, कोमट तेलानं. मालीश करताना नातीनं माझ्या पत्नीच्या पायाचा अंगठा धरून ठेवायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही, हा तिचा ठरलेला नेम होता.

लसीचं कार्ड माझ्याकडं असतं. जन्मल्यावर बीसीजी आणि पोलिओचा डोस, मग सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. सगळ्या तारखा मी स्वतः सांभाळल्या. माझ्या शाळेत एक मुलगा पोलिओनं लुळा पडलेला पाय हातानं उचलून चालायचा. १९९५ ला पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. नातीच्या ओठांवर ते दोन थेंब पडताना मला तो वर्गमित्र आठवला. ज्यांनी घरोघर हिंडून हे काम केलं त्या बायाबापड्यांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आता आमचा दिवस ऐका. नात सकाळी सातच्या सुमाराला उठते. उठल्यावर रडत नाही, हसतही नाही. डोळे उघडून थोडा वेळ छताकडं बघत पडते, मग “आबा, उजाडलं?” असं विचारते. “उजाडलं बाई,” म्हटलं की उठते. एवढंच. पण हे रोज ऐकायला मिळतं.

दूध पिऊन झालं की आम्ही दोघं रसेल मार्केटला जातो. ही इमारत इंग्रजांच्या कॅन्टोन्मेंटच्या काळातली, १९३३ साली खुली झालेली. समोरच्या चौकात फळवाले, आत भाजी. नातीला माझ्यापेक्षा जास्त माणसं ओळखतात. फळवाले चाचा तिला रोज एक द्राक्ष किंवा बोर देतात, आणि मी पैसे पुढं केले की रागावतात. फुलवाली बाई तामिळ बोलणारी. तिच्याकडं अबोलीचे गजरे असतात, इकडं त्याला कनकांबर म्हणतात. नातीचे केस अजून गजरा माळण्याएवढे नाहीत, म्हणून ती बाई दोऱ्याचा एक तुकडा तोडून तिच्या मनगटाला बांधते. नात घरी येईपर्यंत तो हात वर धरून चालते, फुलं चुरगळू नयेत म्हणून. वाटेत सेंट मेरी बॅसिलिका लागते. तिथल्या कबुतरांशी दोन शब्द बोलल्याशिवाय ती पुढं हलत नाही. सप्टेंबरात त्या चर्चची जत्रा भरते. आठ तारखेला मेरीमातेचा रथ निघतो, भगवी वस्त्रं घातलेले भाविक लांबलांबून येतात. मागल्या वर्षी खांद्यावर बसवून तिला रथ दाखवला. आमच्या विट्याच्या माणसाला रथ-पालखी म्हटलं की राहवत नाही.

दुपारी आजीचं राज्य. नाचणीचं सत्व पत्नी घरीच करते. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. शेजारच्या कन्नड आजी त्यालाच रागी सरी म्हणतात आणि त्यांचीही कृती जवळपास हीच. दोघींचं जमतं ते या नाचणीवरून. पहिल्या संक्रांतीला आम्ही नातीचं बोरन्हाण केलं. काळं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने गावाहून मागवले, चाळीतली पोरं गोळा केली. शेजारणीला कसं समजवावं, अशी पत्नीला काळजी. ती आजी आली, पाटावर बसलेली नात बघितली आणि म्हणाली, आमच्यातही संक्रांतीला लेकरांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे आणि नाणी ओततात. परत घरी जाऊन तिनं ताटभर एळ्ळु-बेल्ल आणलं, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे एकत्र केलेले. तेही चुरमुऱ्यांत मिसळलं आणि दोघी आज्ज्यांनी मिळून नातीच्या डोक्यावर ओतलं. पोरांनी फरशीवर जी झुंबड केली! नातीनं मात्र गळ्यातली हलव्याची माळ खायला घेतली होती, तिला बाकी कशाचं सोयरसुतक नव्हतं.

रविवारी मुलगा आणि सूनबाई घरी असतात. मग सगळे कब्बन पार्कात जातो. तिथं बालभवनात पुटाणी एक्सप्रेस नावाची छोटी आगगाडी आहे. माझ्या मुलांना मी तीत कधी बसवलं नव्हतं, ती गावाकडं होती. आता नात पुढच्या डब्यात, तिच्या शेजारी माझा मुलगा, बँकेतला साहेब, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. गाडी झाडांतून वळसा घालते तेव्हा दोघंही माझ्याकडं बघून हात हलवतात. नात हलवते तसाच तोही हलवतो.

माझ्या धंद्यातले कितीतरी बांधव अजून असेच एकटे राहतात. कुणी केरळात, कुणी बंगालात, कुणी उत्तरेत. त्यांना माझं एक सांगणं आहे. मुलं लहान असतानाच त्यांना जवळ आणता आलं तर आणा. खोली लहान असली तरी चालेल. नसेलच जमत तर रोज फोन करा, आणि फोनवर पैशांचं बोलण्याआधी पोरानं आज काय खाल्लं ते विचारा. आणि नातवंडं झाली की दुकानाची किल्ली वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्या.

यंदा दसऱ्याला आम्ही सगळे गावी जाणार आहोत. राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं मुलानं काढलीत. विट्यात दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते, देशभरातले गलाईवाले त्या दिवशी गावात असतात. नातीला मी त्या पालख्यांचं सगळं सांगून ठेवलंय. काल रात्री तिनं विचारलं, “आबा, चाचांना आणि फुलवाल्या अक्कांना पण न्यायचं का?” मी म्हटलं, “विचारू की सकाळी.” आज सकाळी तिनं खरंच दोघांना विचारलं. अक्का हसल्या. चाचा म्हणाले, दुकान बघायला कुणी मिळालं तर येतो. ती घरी आल्यापासून दुकान बघायला माणूस शोधतेय, आणि मला सांगून झालंय की आबा, तुमचा पुतण्या मोकळा असेल तर विचारा.