गुन्हा पहिल्या पानावर, निकाल कुठे?



जालना जिल्ह्यातला पक्षकार हायकोर्टात दाद मागायला औरंगाबाद खंडपीठात जातो. त्याच खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी दिलेला एक निकाल मराठवाड्यातल्या प्रत्येक वार्ताहराने मुळातून वाचावा. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या २९ परदेशी सदस्यांवरचे अहमदनगर जिल्ह्यातले गुन्हे रद्द केले. घाना, टांझानिया, बेनिन, आयव्हरी कोस्ट, इंडोनेशिया अशा देशांतून आलेली ही माणसे. त्यांच्यासोबत काही भारतीयही आरोपी होते.

व्हिसाच्या अटी मोडून धर्मप्रसार केला, मशिदींत राहून कोरोनाची साथ पसरवली, असे आरोप होते. न्यायालयाला त्यांत तथ्य आढळले नाही. साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधते आणि इथे या परदेशी लोकांची निवड झाल्याचे दिसते, असे निकालपत्रात स्पष्ट लिहिले आहे. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला, हेही. न्या. सेवलीकर यांना काही निरीक्षणे मान्य नव्हती. गुन्हे रद्द करण्यावर मात्र दोघांचे एकमत होते.

हा प्रचार झाला कसा? एक आकडा पाहा. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातले १४,३७८ रुग्ण जाहीर केले आणि त्यांतले ४,२९१ एकट्या दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये झालेल्या तबलिगींच्या कार्यक्रमाशी जोडलेले असल्याचे सांगितले. आकडा सरकारी, म्हणून तो जसाच्या तसा मथळ्यात चढला. पण त्या दिवसांत चाचण्या मोजक्याच होत होत्या. मरकजला गेलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना मात्र गावोगाव हुडकून तपासले जात होते. जिथे जास्त तपासणी, तिथे जास्त रुग्ण सापडणार. ही एक ओळ बातमीत असती, तर 'कोरोना जिहाद' हा विषारी शब्द इतका सहज पसरला नसता. चाचण्या किती झाल्या, हे विचारायला दिल्लीत ओळख लागत नव्हती. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला लावलेला एक फोन पुरला असता.

त्याच महिन्यात, १६ एप्रिलला, पालघरच्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठेचून मारले. मुळाशी चोर आल्याची अफवा होती. समाजमाध्यमांवर मात्र त्याला लगेच हिंदू-मुस्लिम रंग चढला. शेवटी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली आणि त्यात एकही मुसलमान नाही, हे सांगावे लागले. आरोपींचा धर्म सांगण्यासाठी सरकारला यादी काढावी लागते, ही आपल्या धंद्याची नामुष्की आहे.

गुन्ह्याला जात-धर्म चिकटवणे मराठवाड्याला नवे नाही. पारध्यांना १९५२ साली गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटका मिळाली, तरी चोरीच्या बातमीत संशयिताची जात अजून नावाआधी येते. प्रेस कौन्सिलचे संकेत तर सांगतात की बदनामी होईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा.

म्हणून मराठवाड्यातल्या संपादकांना आणि वार्ताहरांना कळकळीची विनंती आहे. आरोपीचा धर्म किंवा जात गुन्ह्याशी थेट जोडलेली नसेल, तर छापू नका. आणि ठाण्यात गुन्हा दाखल झाल्याची बातमी ज्या पानावर, ज्या आकारात छापली, त्याच पानावर, त्याच आकारात न्यायालयाचा निकालही छापा.