घराचा विमा आणि वाहनाचा विमा
(ज्ञातिसंमेलनाच्या वार्षिक अधिवेशनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाह आणि संस्कार या विषयांवर विद्वज्जनांची भाषणे होतात. या वर्षी मंडळाने आम्हांस घराच्या व वाहनाच्या विम्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली. विषय रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. परंतु अपघातग्रस्त वाहनांच्या नुकसानीचे मूल्यमापन करण्यात आमची तीसेक वर्षे गेली आणि त्या काळात एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली : पैसे भरूनही ज्यांच्या हाती काही आले नाही, त्यांतील बहुतेकांनी आपली पॉलिसी अपघातानंतर प्रथमच उघडली होती. तहान लागल्यावर विहीर खणावी, तसाच हा प्रकार होय.

प्रारंभी एक प्रसंग सांगतो. तो आपल्या ज्ञातीतलाच आहे. नाव अर्थातच सांगणार नाही. एका तरुणाने २०१८ च्या सप्टेंबरात नवी मोटारसायकल घेतली. त्या महिन्याच्या १ तारखेपासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, नव्या दुचाकीस पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीस तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागू लागला. विक्रेत्याने कागद हाती दिला, तो कपाटात गेला आणि 'गाडीचा विमा आहे' ही समजूत घरात कायम झाली. २०२३ च्या सप्टेंबरात पाच वर्षे भरली. कोणास आठवण राहिली नाही. मुदत संपल्यानंतर अकराव्या दिवशी, सायंकाळच्या अंधारात, कामावरून पायी परतणारा एक मजूर त्या गाडीखाली सापडला आणि मरण पावला.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने भरपाईचा बोजा वाहनमालकावर टाकला. विमा कंपनीचा संबंध उरलाच नव्हता. मुलाच्या वडिलांनी जमिनीचा तुकडा विकला. आपल्या संस्थेनेही त्या कुटुंबासाठी वर्गणी गोळा केली आणि ती योग्यच केली. पण त्या यादीवर सही करताना आमच्या मनात आले की, या प्रकरणात दुसरेही एक कुटुंब आहे. त्या मजुराची पत्नी व दोन लहान मुले आपल्या ज्ञातीची नव्हती. आपल्या वर्गणीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम त्यांना जमीन विकली जाईल तशी, तुकड्यातुकड्याने मिळाली. २०२२ साली ठरलेल्या दरानुसार ७५ ते १५० सी. सी. च्या दुचाकीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये होता. एवढ्या रकमेच्या विस्मरणाने दोन घरे बसली.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे : थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीसाठी नसतो; आपल्या हातून ज्याचे नुकसान होईल, त्या परक्या माणसासाठी तो असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १४६ व्या कलमाने तो सक्तीचा केला आहे तो याच कारणाने. विम्याविना गाडी चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु दंडाचे भय हे त्याचे खरे कारण नव्हे. मृत्यू व शारीरिक इजा यांच्या भरपाईस सर्वसाधारण पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते. मालमत्तेच्या नुकसानीस मात्र खाजगी मोटारीसाठी साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख अशी मर्यादा असते. हप्ता जमा झाल्याखेरीज कंपनीची जबाबदारी सुरू होत नाही. 'उद्या भरतो' हा शब्द कोणत्याही न्यायालयात चालत नाही.

स्वतः चालविणाऱ्या मालकाच्या मृत्यूची भरपाई या थर्ड पार्टी विम्यातून मिळत नाही. त्यासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. तो आहे ना आणि त्यात वारसाचे नाव लिहिले आहे ना, हे घरच्या गृहिणीने आवर्जून पाहावे.

आता आपल्या गाडीच्या नुकसानीकडे वळू. त्यासाठी 'स्वतःचे नुकसान' हा भाग पॉलिसीत असावा लागतो. नव्या दुचाकीची थर्ड पार्टीची पाच वर्षे चालू असली, तरी हा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर 'आय. डी. व्ही.' म्हणून एक रक्कम छापलेली असते. गाडी चोरीस गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास मिळू शकणारी ती कमाल रक्कम होय. उत्पादकाच्या विक्रीकिमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात : एक ते दोन वर्षे वयास २० टक्के, चार ते पाच वर्षांस ५० टक्के. हप्ता थोडा वाचावा म्हणून ही रक्कम मुद्दाम कमी लावून घेणारे पुष्कळ भेटतात. चोरी झाली की तेच आमच्याशी भांडतात!

भागांच्या भरपाईतही घसारा आहे. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते. काचेवर कपात नाही. लोखंडी भागांवर ती गाडीच्या वयाप्रमाणे होते. बंपर ८,००० रुपयांचा असेल तर ४,००० धरावे, आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली वजावट जाते. ही कपात नको असल्यास 'झिरो डेप' नावाची पुरवणी जादा हप्त्यात मिळते. गाडी नवी असताना ती घेणे आमच्या मते शहाणपणाचे आहे.

ज्यांनी वर्षभर दावा केला नाही, त्यांस पुढील वर्षी 'स्वतःच्या नुकसानीच्या' हप्त्यात सवलत मिळते. ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. दावा केला की शून्यावर येते. समजा, हा हप्ता ६,००० रुपये असून तुमची सवलत निम्मी आहे. अशा वेळी अडीच हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करणे म्हणजे तीन हजारांवर पाणी सोडणे होय. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तरी ती नव्या गाडीस लावून घेता येते. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास मात्र ती जाते. कंपनी बदलताना नसलेली सवलत आहे म्हणून कोणी सांगू नये. अशा असत्यापायी मोठे दावे फेटाळले गेलेले आम्ही पाहिले आहेत.

जुनी गाडी नात्यात घेतली की 'घरचाच व्यवहार' म्हणून कागद तसेच राहतात. नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत आपल्या नावे पॉलिसी करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. खाजगी गाडी भाड्याने देणे, गॅसचे किट बसवून ते आर. सी. बुकात व पॉलिसीत न नोंदविणे, परवाना नसलेल्या पुतण्याच्या हाती किल्ली देणे, ही वादाची आणखी तीन नेहमीची कारणे.

आता घराविषयी. येथे आम्ही आमचीच फजिती सांगणार आहोत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, ते आमच्या तळमजल्याच्या घरात माळ्याच्या फळीपर्यंत चढले. घराचा विमा होता, कारण कर्ज देताना बँकेने तो घ्यावयास लावला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पॉलिसी वाचणाऱ्या आम्ही ती वाचली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. विमा केवळ इमारतीचा निघाला. भिंतींचा गिलावा, दारे, विजेच्या तारा यांचे पैसे मिळाले. फ्रीज, कपाटे, अंथरुणे, वर्षाचे धान्य आणि सौभाग्यवतींचे शिवणयंत्र, ज्यावर त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा अर्धा खर्च चालविला होता, यांचा एक रुपयाही मिळाला नाही. दोष कंपनीचा नव्हता. सामान विम्यात घालावे, असे आम्ही सांगितलेच नव्हते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची घरगुती पॉलिसी मिळू लागली. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणे हे धोके तीत येतात. १९६१ चे पानशेत, १९६७ ची कोयना आणि १९९३ ची किल्लारी ज्या महाराष्ट्राने पाहिली, त्यास हे धोके समजावून सांगणे नको. इमारत व सामान दोन्ही घेतल्यास इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के इतक्या, पण १० लाखांच्या आतील सामानास, यादी न देता संरक्षण मिळते. सामान अधिक असेल तर यादी देऊन रक्कम वाढविता येते. घर राहण्याजोगे न उरल्यास पर्यायी जागेच्या भाड्याचीही त्यात तरतूद आहे.

येथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. विमा घराच्या बाजारभावाचा करावयाचा नसतो, बांधकामखर्चाचा करावयाचा असतो. जमीन पुरात वाहून जात नाही. समजा, सहाशे चौरस फुटांचे घर पुन्हा बांधण्यास चौरस फुटास २,५०० रुपये लागतात. तर विमा १५ लाखांचा पुरे, मग बाजारात त्याचे ६० लाख का येईनात. या हिशेबाने सामानाचे तीन लाख आपोआप येतात. दागिन्यांसाठी मात्र वेगळी पुरवणी घ्यावी लागते आणि रोख रक्कम विम्यात येतच नाही. एरवीच्या घरफोडीचा धोकाही मूळ पॉलिसीत नाही. विम्यातील आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी तीत येते. सदनिकेत राहणाऱ्यांनी सोसायटीच्या चिटणिसांकडून इमारतीच्या पॉलिसीची प्रत मागून घ्यावी, आणि सोसायटीचा विमा आपल्या खोलीतील सामानाचा आहे असे गृहीत धरू नये.

संकट आलेच, तर काय करावे? चिखल काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे फोटो घ्यावेत. पाण्याची खूण भिंतीवर दिसेल असे घ्यावेत. त्याच दिवशी कंपनीस कळवून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. भिजलेल्या वस्तू सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत टाकू नयेत. सरकारी पंचनाम्याची प्रत मिळवावी. पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीची किल्ली फिरवू नये. इंजिनात पाणी असताना ते चालू केल्याने होणारा बिघाड साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत, त्यास 'इंजिन प्रोटेक्ट' ही पुरवणी लागते. गाडी ओढूनच गॅरेजात न्यावी. वाहन चोरीस गेले तर पोलिसांत फिर्याद आणि कंपनीस खबर ही दोन्ही कामे लगोलग करावीत.

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. मात्र नकारानंतर वर्षाच्या आत गेले पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. पण हे सर्व उपाय ज्याने अर्ज खरा भरला त्याच्यासाठी आहेत. एजंटाने भरलेल्या अर्जावर न वाचता सही करणे म्हणजे त्याच्या चुकांची जबाबदारी आपल्या शिरावर घेणे होय.

बंधुभगिनींनो, समारोप करतो. आपल्या पूर्वजांनी ही संस्था स्थापिली ती परस्परसाह्यासाठी. विमा हेही परस्परसाह्यच आहे. फरक इतकाच की त्याची वर्गणी अनोळखी माणसे भरतात आणि ते अनोळखी माणसाच्याही दारी पोहोचते. ज्या विधवेपर्यंत आपली यादी पोहोचली नाही, तिच्यापर्यंत ७१४ रुपयांची एक पावती वेळेवर पोहोचली असती. ही रुखरुख आमच्या मनातून जात नाही.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. दसऱ्यास आपण वाहनास झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी प्रत्येक घरात पॉलिसी बाहेर काढून तिची मुदत मोठ्याने वाचावी, ती तारीख भिंतीवरील कालनिर्णयावर लिहावी, आणि मंडळाच्या तरुणांनी शेजारच्या वयोवृद्ध ज्ञातिबांधवांच्या घरी जाऊन हेच काम करावे. शेजारी आपल्या ज्ञातीचा नसला तरीही करावे. याला खर्च नाही, ठराव नको. अर्धा तास पुरे.