दिव्यांगांसाठी राखीव पदे आणि शिथिल निकष

सरकारी सेवेत दिव्यांगांसाठी राखलेली पदे भरताना निवडीचे निकष केव्हा आणि किती सैल करावेत, हा प्रश्न 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमापासून प्रशासनापुढे उभा आहे. त्या कायद्याने शासकीय आस्थापनांत किमान 3 टक्के पदे राखली: दृष्टिदोष, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग या तीन गटांना प्रत्येकी 1 टक्का. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे प्रमाण 4 टक्क्यांवर नेले आणि मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्या वाट्याला मिळून चौथा टक्का आला. आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी किमान 40 टक्के, म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व असावे लागते.

राखीव जागा रिकामी राहिली की फाइलवर बहुधा एकच शेरा असतो: योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही. सर्वांत आधी तपासायला हवा तो हा शेरा. योग्य कोणाला म्हणायचे, याची रीत केंद्राच्या कार्मिक विभागाने 2005 मध्येच लिहून ठेवली आणि 15 जानेवारी 2018 च्या आदेशात ती कायम ठेवली. सर्वसाधारण निकषावर पुरेसे दिव्यांग उमेदवार मिळाले नाहीत, तर उरलेल्या राखीव जागा शिथिल निकषावर भरता येतात. अट एवढीच, की उमेदवार त्या पदासाठी अयोग्य ठरलेला नसावा.

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते, हे एका कल्पित भरतीवरून पाहता येईल. केंद्राच्या 100 बिंदूंच्या बिंदुनामावलीत 1, 26, 51 आणि 76 हे बिंदू दिव्यांगांचे असतात. समजा, 100 पदे भरायची आहेत आणि त्यांतली 4 अशी राखीव आहेत. लेखी परीक्षेत खुल्या यादीतला शेवटचा उमेदवार 200 पैकी 112 गुणांवर थांबला. दोन दिव्यांग उमेदवारांना 118 आणि 115 गुण मिळाले आणि त्यांनी वयाची किंवा अन्य कोणतीही शिथिलता घेतलेली नाही. अनेक कार्यालयांत या दोघांना राखीव बिंदूंवर बसवून चारांतल्या दोन जागा भरल्या असे दाखवले जाते. केंद्राच्या आदेशाप्रमाणे ते चूक आहे. हे दोघे स्वतःच्या गुणवत्तेवर आले, म्हणून त्यांची गणती राखीव कोट्यात होत नाही. चारही जागा अजून भरायच्याच आहेत, आणि त्या यादीतल्या शेवटच्या उमेदवाराहून कमी गुण मिळालेल्या, पण नेमणुकीस योग्य अशा दिव्यांग उमेदवारांतून भरायच्या आहेत. 104 गुणांचा उमेदवार काम करू शकतो का, 97 चा करू शकतो का, हे पाहायचे. 112 च्या खाली सगळेच अयोग्य, हा निष्कर्ष त्या आदेशात कुठेही बसत नाही.

या शिथिलतेला तळ आहे, ही गोष्ट टीकाकार आणि समर्थक दोघेही विसरतात. पदासाठी ठरलेली शैक्षणिक अर्हता तिने कमी होत नाही. अभियंत्याला पदवी लागतेच, परिचारिकेला नोंदणी लागतेच. स्पर्धेच्या गर्दीत कट-ऑफ कितीवर जाऊन थांबते हे त्या वर्षी अर्ज किती आले यावर अवलंबून असते, कामाला किती ज्ञान लागते यावर नव्हे. शिथिल होते ती स्पर्धेतून उभी राहिलेली रेषा. काम करण्याची किमान पात्रता जागची हलत नाही.

गोंधळाचे दुसरे मूळ असे, की तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली मोजल्या जातात. लेखनिक, अनुग्रह कालावधी, स्क्रीन रीडर असलेला संगणक, तळमजल्यावरचे परीक्षा केंद्र या सोयींनी निकष तसूभरही खाली येत नाही. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात. पण प्रश्न तेच असतात, उत्तरपत्रिका तीच पट्टी लावून तपासली जाते. कायद्यातही या सोयी आरक्षणाच्या कलमात नाहीत; भेदभावाला मनाई करणाऱ्या तरतुदींबरोबर येणाऱ्या वाजवी सोयीच्या कर्तव्यात त्या मोडतात. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनदोष असलेल्या एका नागरी सेवा परीक्षार्थीच्या प्रकरणात म्हणूनच ठरवले, की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. आरक्षणाला उंबरठा आहे, वाजवी सोयीला नाही.

वयाची मुदत, परीक्षेचे शुल्क आणि संधींची संख्या या सवलती दुसऱ्या जातीच्या. केंद्रात दिव्यांगांना साधारणपणे 10 वर्षे वयाची सवलत मिळते. महाराष्ट्रात लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43 आणि दिव्यांगांना 45 वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. शाळा उशिरा सुरू होणे, शस्त्रक्रियांत वर्षे जाणे, ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित पुस्तके वेळेवर न मिळणे, यांची ती अंशतः भरपाई आहे. गुणांतली शिथिलता ही तिसरी, आणि ती पहिल्या दोन्हींनंतरच विचारात यावी. ज्या परीक्षा केंद्रावर लेखनिकाची व्यवस्था ऐनवेळी कोलमडली, तिथल्या उमेदवाराला गुणांत सवलत देऊन हिशेब चुकता होत नाही.

निकष कशाचा, हा प्रश्न याच्याही आधीचा. लिपिकाच्या पदाला टंकलेखनाचा वेग लागतो. पण हाताच्या दिव्यांगत्वामुळे टंकलेखन अशक्य असल्याचे वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केले, तर केंद्राच्या लिपिकवर्गीय पदांत त्या चाचणीतून सूट मिळू शकते. आवक-जावक, लेखाशीर्षांची पडताळणी, टिप्पणी लिहिणे ही कामे आवाजी आज्ञांनी संगणकावर करणारा माणूस त्या कार्यालयात हवाच असतो. पदे सुनिश्चित करताना प्रत्येक पदाला बसणे, उभे राहणे, चालणे, वाचणे, ऐकणे, बोटांनी हाताळणे अशा शारीरिक गरजा जोडल्या जातात. 4 जानेवारी 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेने अशी 3,566 पदे दिव्यांगांसाठी योग्य म्हणून जाहीर केली. त्यांत गट अ ची 1,046, गट ब ची 515, गट क ची 1,724 आणि गट ड ची 281. ही यादी वेळोवेळी पाहावी लागते, कारण कागदी फाइलच्या काळात वाचणे ही डोळ्यांची गरज होती आणि ई-ऑफिसमध्ये ती तशी उरलेली नाही. यादीत पद नाही म्हणून आरक्षणच नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 8 ऑक्टोबर 2013 च्या निकालात निकाली काढला आहे: टक्केवारी संवर्गातल्या एकूण पदांवर मोजायची, केवळ सुनिश्चित पदांवर नव्हे.

गुणांच्या शिथिलतेबाबत न्यायालयांची भूमिका सरळ रेषेत गेलेली नाही. चंडीगडच्या एका कला महाविद्यालयाच्या प्रवेशप्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाचा 2012 चा निर्णय मान्य करून, अनुसूचित जाती-जमातींना मिळणारी गुणांची सवलत दिव्यांगांनाही लागू असल्याचे सांगितले. 2024 मध्ये राजस्थानातल्या दिवाणी न्यायाधीश भरतीत मात्र दिव्यांगांसाठी स्वतंत्र कट-ऑफ न जाहीर करणे त्याच न्यायालयाला बेकायदा वाटले नाही. पुढचा टप्पा मध्य प्रदेशातून आला. न्यायिक सेवेच्या नियमांनी दृष्टिहीनांना पूर्णपणे वगळले होते. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. 3 मार्च 2025 रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांच्या खंडपीठाने ती बंदी रद्द केली, पुरेसे उमेदवार न मिळाल्यास अनुसूचित जाती-जमातींप्रमाणे निकष शिथिल करण्यास मान्यता दिली आणि परीक्षेच्या प्रत्येक टप्प्यावर दृष्टिहीनांची वेगळी कट-ऑफ ठेवण्यास सांगितले.

त्या निकालातला एक बारकावा फार मोलाचा आहे. नियमांत कायद्याच्या पदवीला 70 टक्के गुण मागितले होते, तेही पहिल्याच प्रयत्नात, किंवा तीन वर्षांची वकिली. न्यायालयाने दिव्यांगांपुरती 70 टक्क्यांची अट सवलतीच्या मुभेसह ठेवली, पण पहिल्या प्रयत्नाची आणि वकिलीची अट काढली. कायद्याचे ज्ञान न्यायाधीशाला लागतेच. पुस्तकच हाती न आल्यामुळे एखादे वर्ष वाया गेले, याने मात्र त्या ज्ञानात काही उणे येत नाही. प्रत्येक विभागाने आपले सेवाप्रवेश नियम याच कसोटीवर तपासले, तर कितीतरी अटी पदाशी संबंध नसलेल्या निघतील.

प्रशासनाच्या कार्यक्षमतेचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. संविधानाचे कलम 335 अनुसूचित जाती-जमातींच्या दाव्यांबरोबर कार्यक्षमतेचा विचार सांगते. 2000 सालच्या 82 व्या दुरुस्तीने त्या गटांसाठी अर्हता गुण शिथिल करायला मोकळीक दिली. दिव्यांगांचा त्यात उल्लेख नाही. त्यांचे आरक्षण 1992 च्या इंद्रा साहनी निकालाप्रमाणे समांतर असते आणि निवडलेला उमेदवार आपापल्या सामाजिक प्रवर्गात मोजला जातो. पण कार्यक्षमतेची राखण करणारी अट त्यांच्या शिथिलतेतच आहे: पदासाठी अयोग्य नसणे. निवड समितीने ती अट प्रामाणिकपणे वापरावी. बनावट प्रमाणपत्रांचा आक्षेप वेगळा. त्यासाठी 2016 च्या कायद्याच्या कलम 91 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. लबाडांना रोखायचे तर प्रमाणपत्राची फेरपडताळणी करावी. खऱ्या दिव्यांगासाठी कट-ऑफ उंच ठेवून लबाड सापडत नाही.

न भरलेल्या जागेचे पुढे काय होते, यावरून या शिथिलतेची निकड कळते. कलम 34 प्रमाणे ती जागा पुढच्या भरती वर्षात ओढली जाते. त्या वर्षीही त्या प्रकारचा योग्य उमेदवार मिळाला नाही, तर आधी दिव्यांगांच्याच अन्य गटांशी अदलाबदल होते, आणि तिथेही कोणी नसेल तर ती बिगरदिव्यांगाकडे जाते. म्हणजे पहिल्या वर्षी शिथिल निकष न लावता दिलेला 'उपलब्ध नाही' हा शेरा दुसऱ्या वर्षी ती जागा कायमची घालवू शकतो. म्हणून निकालपत्रकासोबत चार नोंदी असाव्यात: सर्वसाधारण निकषावर किती दिव्यांग उमेदवार आले, त्यांतले स्वतःच्या गुणवत्तेवर किती, त्याखाली किती गुणांपर्यंत उमेदवार तपासले, आणि नाकारलेल्या प्रत्येकाला पदाच्या कोणत्या गरजेच्या आधारे अयोग्य ठरवले. शेवटची नोंद कोरी असेल, तर ती जागा पुढे ओढण्याचा प्रस्ताव आस्थापना शाखेने परत पाठवावा.